अकराशे वीस दिवे

कोटाचं माप शमशादनं घेतलं,
मी नुसत्या तारा मोजल्या.
उभ्या अठ्ठावीस, आडव्या चाळीस,
प्रत्येक गाठीवर मसुराएवढा दिवा.
अस्तराला जुन्या चादरीचा तुकडा.
"टोचणार नाही, घाम पिईल,"
दातांत सुई धरून ती म्हणाली,
आणि बॅटरीसाठी कमरेला खिसा शिवला,
दुहेरी टाक्याचा.

त्याआधी दोन वर्षं माझी चित्रं भिंतीवर होती.
उद्घाटनाला माणसं आली,
चहा घेतला,
चित्रांकडे पाठ करून
जुळे सोलापुरातल्या प्लॉटचे भाव बोलली.
म्हटलं, ठीक आहे बे,
चित्रालाच पाठ देऊ.
छाती देऊ, दोन पाय देऊ,
माणसं उभी आहेत तिथं ते आपण होऊन जाईल.

गेंट्यालमामांनी जन्मभर जेकार्डची पुठ्ठी टोचली.
माझा आराखडा त्यांनी
चष्मा कपाळावर ढकलून वाचला, बोटानं.
"भोक तिथं धागा वर, नाही तिथं खाली.
तुझा दिवा निराळं काय करतो?"
मग उठता उठता,
"एक सांभाळ. पुठ्ठं उलटं लागलं
तर मोर माघारी चालतो."
मी हो म्हटलं.
म्हणजे ऐकलं नाही.

गड्ड्याची तिसरी रात्र.
आकाशपाळणा आणि मौत का कुवा यांच्या मधोमध
मी कोट चालू केला.
अंगावर अम्माचे हात.
पत्र्याच्या मापानं कापलेलं पान,
चिमूटभर जर्दा, वळण,
अंगठ्यानं मिटलेलं तोंड, धागा.
पुन्हा पान.
जवळून नुसते ठिपके,
दहा पावलांवर बोटं.
म्हणून गर्दी मागे सरायची, पुढे यायची,
एक पोरगं तर सारखं पळत राहिलं
ठिपक्यांतून बोटांत, बोटांतून ठिपक्यांत.

मला मात्र काही दिसत नव्हतं.
कोट घातलेल्याला कोट दिसत नाही,
हे शिवताना कुणीच बोललं नव्हतं.
समोरच्या गालांवर हिरवं आलं
की कळायचं, पान आलं.
गुलाबी आलं की धागा.
अनोळखी तोंडांवरून मी
माझंच चित्र वाचत होते,
आणि मधूनच एखादं तोंड
रंगाच्या आधीच हसायचं.

दत्तनगरच्या चार बायका आल्या,
हातात कडक भाकरीचा पुडा.
गप्प उभ्या राहिल्या.
मग रत्नव्वा नावाची एक, अगदी जवळ येऊन म्हणाली,
"ही डावखुरी आहे का गं?"
अम्मा उजवी आहे.
मोर माघारी चालत होता.

मी तारांचं सांगू लागले,
ती दिव्यांवर बोट ठेवून मोजू लागली.
"किती आहेत सगळे?"
अकराशे वीस.
"हजाराला एकशे वीस छाट!"
ती मागे वळून बाकीच्यांना म्हणाली,
"कारखान्यापेक्षा हिचाच हिशोब कडक."
आणि चौघी अशा हसल्या
की मौत का कुव्याच्या तिकिटाची रांग
वळून आमच्याकडे बघू लागली.

चाळिसाव्या मिनिटाला बॅटरी गेली.
अंधारात नुसता जड कोट,
कमरेला चटका देणारा खिसा.
रत्नव्वा अजून तिथंच,
विझलेल्या बाहीवरून हात फिरवत,
"अस्तर चांगलं घेतलंय."

रात्री दीड वाजता मी टोकं सोडवली,
उजवीकडची डावीकडे डागली.
खोलीभर राळेचा धूर.
अम्मा जागीच होती, भिंतीकडे तोंड करून.
कोट खुंटीला लावला, बटण दाबलं.
ती वळली.
स्वतःच्या हातांकडे बघत राहिली,
धाकट्या जावेचं काम तपासावं तशी.
"अंगठा बरोबर," म्हणाली.
मग पांघरूण ओढत, "चालु."

आमच्या तेलुगूत याचा अर्थ पुरे.
मी मराठीत ऐकलं,
आणि दिवे राहू दिले.