हळू बोला

किल्ली त्याच्या करदोड्याला.
"तिकीट नाही," मुनाफभाई म्हणाला, "फक्त हळू बोला.
वर आग्या मोहोळ हाये."
परतवाड्याहून जीपने आलेलो आम्ही पाचजण
तान्हं झोपलेल्या घरात शिरावं तसे
आत शिरलो.

मग सगळी माहिती कुजबुजत :
हा मेहराब. काबाची दिशा, थोडीशी चुकलेली.
"गवंडी पावसाळ्यात आला असन,
सूर्य दिसला नसन."
ह्याच कमानीत नंतर पाद्रीसाहेबाने
सागाचं टेबल मांडलं, वर क्रूस.
खिळ्यांची दोन भोकं हायेत, बोट घालून पाहा.
मी घातलं. आत गारवा, कोळ्याचं जाळं.

ढोमणे बाईंनी विचारलं, चपला?
"इथून तिथवर काढा, तिथून घाला."
स्वतः मात्र सगळीकडे अनवाणी.

दुष्काळातली पोरं इथे पेजेवर जगली.
त्यातली एक त्याच्या आजीची आजी.
वहीत मेरी, निकाहात मरियम.
"नाव बदलाचं कामच नाही पडलं, बाप्पा."

घुमटाखाली थांबून म्हणाला,
इथं टाळी दिली तर सात वेळा वापस येते.
आम्ही वर पाहिलं :
काळं, भिजल्या घोंगडीसारखं,
श्वास घेणारं.
कोणी हात हलवला नाही.

बाहेर, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, जीपपाशी,
पन्नासची नोट खिशात सारून
त्याने एक मोकळी, दणदणीत टाळी वाजवली.
"अशी."

टिटवी उडाली.
आम्ही उगाच
मोजत उभे राहिलो.