तेरा आठवडे

बिऱ्हाड डिकीत मावतं.
स्टेथोस्कोप, नळीला चिकटवलेलं रबरी अस्वल,
बुटांचे दोन जोड, आणि एक चमचा,
कारण भाड्याच्या घरातल्या चमच्यांवर माझा विश्वास नाही.
विंचवालाही एवढीच अडचण असेल.

मागचं गाव ॲमरिलो. त्याआधी स्पोकेन.
आता डुलूथ: सरोवर काठापासून दिसेल तिथवर गोठलेलं,
गाडीचं दार उघडायला हेअर ड्रायर लागतो.

पहिल्या दिवशीचे प्रश्न ठरलेले:
सक्शनच्या नळ्या कुठल्या खणात,
रात्री तीनला रक्ताचा नमुना कोण नेतं,
दाराचा कोड काय.
कोड मी मागच्या गावाचाच दाबते.
लॉर्ना नीमी आतून दार उघडते,
म्हणते, तुम्ही सगळे हेच करता.
व्हेंटिलेटर तेवढा ओळखीचा निघतो,
परगावी शाळेतलं कुणी भेटावं तसा.

इथे बाळांचं वय आठवड्यांत मोजतात.
माझंही.

खोली चौदा. ऑर्सन, सहा आठवडे, चार किलो.
नाकपुड्या फुललेल्या,
बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत.
एवढासा भाता, मिनिटाला बहात्तर.
हवा ऊन करून, ओली करून सोडते,
सहा लिटर, मग आठ.
बाप खनिजाच्या धक्क्यावरून तसाच आलाय,
नखांत लाल धूळ.
बोटांवर मोजतोय.
मोजू नका, मी म्हणते.
मग काय करू?
याचं उत्तर कुठल्याच गावात मिळालेलं नाही.
म्हणून मोजायलाच शिकवते, नीट:
छाती नाही, पोट बघा. पूर्ण मिनिट.
पेट्रोलच्या पावतीमागे रात्रभर आकडे.
७२. ७०. ७४, इथे पेन घसरलंय.
६६.
पहाटे ५८, आणि खाली दोन रेघा,
शाळेत बेरीज संपल्यावर ओढतात तशा.

खोली नऊमध्ये ओपल.
वय नऊ, मुक्काम चौदा महिने, गळ्यात नळी.
बोलायची झडप बसवली की आधी भांडते.
तू किती आठवड्यांची?
तेरा. पाच झाले.
मागचा नवव्यातच पळाला, ती म्हणते,
आणि श्वास घेऊन, त्याचे बूट पांढरे होते.
तिच्या भिंतीवर चेहरे नाहीत. बूटच आहेत,
पडद्याखालून जेवढं दिसतं तेवढं,
पेन्सिलीने, रांगेत, सगळे दाराकडे तोंड केलेले.

तेराव्या आठवड्यात बर्फ फुटला.
पहिलं जहाज भोंगा देत आलं तेव्हा
मी तिची नळी साफ करत होते.
ओपलने हात पुढे केला: दे.
माझा स्टेथोस्कोप माझ्याच छातीवर ठेवला,
अस्वल माझ्या हनुवटीला लागलं.
मोठा श्वास. सोड. परत.
आता खोक.
मी खोकले.
तिने बराच वेळ ऐकलं, भुवया आक्रसून.
मग म्हणाली, ठीक आहे. जाऊ शकतेस.

रीनोला उन्हाळा लागला होता.
नव्या हॉस्पिटलच्या दारापाशी
मी ओपलच्या मजल्याचा कोड दाबला.
लाल दिवा.
परत दाबला.