दगड क्रमांक एकशे बारा

मोजमाप वहीत बुरुजाची उंची नऊ मीटर चाळीस.
माथ्यावरचा पिंपळ त्यात धरलेला नाही.
पिंपळाचा आयटम वेगळा:
मुळासकट काढणे, प्रति नग.

खाडीच्या तोंडाशी उकिडवा बसलेला हा म्हातारा
नेमका कोणाचा, यावरून ऑफिसातच दोन तट.
एक म्हणतो फिरंग्यांचा,
दुसरा म्हणतो त्याहून जुना, पायातले दगड बघा.
म्हणून फलक उभा आहे, मजकूर नाही.
कोळीवाड्यात विचारलं तर हसले.
कोणाचा म्हणजे?
आमची जाळी वाळतात त्यावर.

गुरप्पा मिस्त्री आला मंगळवेढ्याकडून.
चुना महिनाभर भिजला,
मग घाणीत गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी.
रात्री मुंग्यांची रांग चुन्यापर्यंत पोचली
आणि वॉचमननं रजिस्टरात लिहिलं:
साइटवर गुळाची चोरी. आरोपी फरार नाहीत.

पूर्वी कोणीतरी सिमेंट थापून गेलेलं,
ओलं असताना बोटानं कोरलेलं साल, चौऱ्याहत्तर.
त्याच्या आड दगड घामेजून पोपडे सोडत होता.
गुरप्पा हातोडीनं हळूच ठोकायचा, कान लावायचा.
टण् म्हणजे जिवंत.
ठप् म्हणजे आत काही उरलं नाही.
"सिमिटानं तोंड दाबलंय साहेब भिंतीचं.
चुन्यातनं तिला दम घेता येतो."
मी लिहिलं: अयोग्य लेप काढणे, चौरस मीटर एकसष्ट.

जंग्या आतून ऐसपैस, बाहेरून बोटभर.
बंदूकवाल्याला आराम, येणाऱ्याला फट.
एकीत उदबत्तीची काजळी.
एकीत अजून एक टूथब्रश.
हिरूबायचं घर होतं इथे, तीन पिढ्यांचं,
तटाला टेकवलेले पत्रे, वर बोंबलांची वलांडी.
मग नोटीस, यादी, टेम्पो.
आता ती मालाडला, सातव्या मजल्यावर.
एस्टिमेटमध्ये ती एका ओळीत आहे, अतिक्रमण हटवणे.
ती होती म्हणून इथला दगड कोणी उचलून नेला नाही
हे कुठल्या आयटमखाली लिहायचं
ते दरसूचीत मला सापडलं नाही.

ड्रॉइंगवर प्रत्येक दगडाला नंबर.
एकशे अकरा आहे, एकशे तेरा आहे,
मध्ये नुसती ओली माती आणि एक खेकडा.
गुरप्पानं खाणीतून नवा मागवला.
आला तो असा कोरा करकरीत,
भलत्याच लग्नात जेवायला बसलेल्यासारखा.

शनिवारी दुपारी रिक्षा थांबली.
हिरूबायचा जावई आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून
गोणपाटातलं काहीतरी खाली ठेवलं.
"यो दगर तुमचा," ती म्हणाली.
"माजे आयशीनं धुनी धुतली यावर, मीनं धुतली.
वरती न्हेला तं सोसायटीवाले बोंबलतान,
गॅलरी पडंल म्हनं."
पाणी प्यायली.
बुरुजाकडे बघितलं नाही,
पिंपळ कुठे गेला तेवढं विचारलं.

दगडाला दोन तोंडं.
एकावर पाथरवटाची खूण, त्रिकोण आणि आत टिंब.
दुसरं मधोमध खोलगट,
लुगडी आपटून आपटून परातीएवढं झिजलेलं.
गुरप्पानं चुना कालवला, मला विचारलं,
"कुठलं तोंड भायेर?"
ड्रॉइंग म्हणतं, खुणेचं.
मी चहाला गेलो.
चहा जरा जास्तच वेळ प्यायलो.

मोठे साहेब पाहणीला आले मार्चमध्ये.
तटावरून हात फिरवत चालले होते,
एकशे बारापाशी हात आत गेला. थांबले.
"तोफगोळ्याची खूण दिसते. लढाई झाली होती का इथं?"
"झाली की," गुरप्पा म्हणाला, "लई वर्षं चालली."
साहेबांनी फोटो काढला.
मी वहीत लिहिलं: दगड, मूळ जागी बसवणे, एक नग.

फलक अजून कोराच आहे.
त्याच्या सावलीत जवळा वाळत घातलेला असतो.