रिकामं वजन

कागदावर पाच रकाने:
प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वर्ष, अपेक्षित किंमत.
पणजीच्या ऑफिसला सोमवारपर्यंत हवाय.
मग लिलाव.

कुडचड्याहून स्कूटरनं रिवणला आलो,
पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा ब्रश, एक खोडरबर.
काट्याच्या केबिनला कुलूप नव्हतंच, नुसती तार.
शाबा वेळीप आता वॉचमन म्हणून उरलाय,
पूर्वी तोच या खुर्चीत बसायचा.
"भितर कितें आसा तें तुका कळटलें?"
बघू, म्हटलं.

बाहेरून काहीच कळेना.
स्टिकरवरची अक्षरं बोटांनी पुसून नेलेली,
कॅबिनेट कधीकाळी पांढरं असावं.
बाजूचा पत्रा काढला
आणि लाल धूळ माझ्या गुडघ्यांवर उतरली
मांजर उतरावं तशी, बिनआवाज.

खनिजाचीच. पंख्यानं वर्षानुवर्षं आत ओढलेली,
चाळून चाळून पिठाएवढी बारीक.
बार्जीत चढला त्याहून हा माल चांगला, शाबा म्हणाला,
आणि कुणी चीनला नेला नाही.

मेमरीची पट्टी उपसली,
तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले,
चुकलेलं गणित खोडताना
कागद फाटू नये म्हणून जपायचो, तेवढ्या हळू.
परत बसवली. खट्.
वीज दिली.
एक लांब बीप, दोन आखूड:
तक्रार डिस्प्ले कार्डाची.
तेही घासलं.
मग एकच बीप,
दारात उभं राहून कुणी "येऊ?" म्हणावं तशी.

काळ्या पडद्यावर आकडे चढू लागले.
मेमरी स्वतःला मोजत होती.
शाबा उठून उभा राहिला.
ट्रक काट्यावर आला की अस्सेच चढायचे,
ड्रायव्हरनं कूस बदलली तरी शेवटचा आकडा नाचायचा.

दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीसवर थांबले.
मी लिहिलं: २५६ एमबी.
पेन्टियम फोर.
चाळीस जीबी.
फ्लॉपी एक, तिच्या तोंडात कोळ्याचं बिऱ्हाड.
तारीख म्हणे १ जानेवारी २००२, मध्यरात्र.
बॅटरी मेली की यांना
जन्मतारीख तेवढी आठवते.

माझं काम इथं संपलं होतं.
पण पडदा आपणहून पुढं गेला
आणि काट्याचा प्रोग्राम उघडला, शेवटच्या नोंदीवर.
ट्रक जीए-०९,
पुढचे आकडे शाबानं न बघता सांगितले.
"बोस्तियांवचो."
रिकामं वजन: नऊ हजार आठशे चाळीस किलो.
भरलेलं वजन:

तिथं नुसता कर्सर लुकलुकत होता.

फोन आला तेव्हा तो वर खाणीत होता, शाबा म्हणाला.
मग सगळेच एका रांगेत खाली आले,
काट्यावरून नाही, बाजूच्या वाटेनं.
रिकाम्याचं वजन दोनदा कशाला?

बोस्तियांव आता काय करतो, मी विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं: कोलव्याच्या हॉटेलांना
पाण्याच्या बाटल्या पोचवतो, टेंपो दुसऱ्याचा.

राहिली अपेक्षित किंमत.
भंगारवाला किलोवर घेणार.
शाबानं खिडकीतून बाहेर काट्याकडं पाहिलं,
साठ टनांचा काटा,
त्याला साडेआठ किलो दिसणारसुद्धा नाहीत.
दोघंही हसलो. थोडेच.

पिशवीच्या तळाशी एक बॅटरी होती,
नाण्याएवढी, तीस रुपयांची.
बसवली. घड्याळ लावलं:
आजचा बुधवार, सव्वाचार.
"विकपाची वस्त ती. कित्याक रे?"
मला सांगता आलं नाही.
सेव्ह करून बंद केलं,
रकान्यात लिहिलं: चालू स्थितीत.

घरी बायको म्हणाली, पँट कुठं घासलीस?
दोन्ही गुडघे लाल.
मी म्हटलं, काट्यावर.
तिनं बादलीत टाकली. पाणी तीनदा बदललं.