अपेक्षित पगार

मुलाखत साडेनवाची, व्हिएतनामच्या घड्याळात.
आपले सकाळचे आठ.
आठला लाइन राहील की जाईल
हे सबस्टेशनवरच्या किसनरावलाही ठाऊक नसतं,
म्हणून मोबाइल रात्रभर चार्जिंगला
आणि शेजारच्या गजूचं सिम उसनं.

मागे पांढरी भिंत हवी, असं लिहिलं होतं.
आमच्या भिंती निळ्या, खाली गेरू.
आईनं बाजेवरची चादर काढली,
दोन खिळे ठोकले, चार चिमटे लावले,
आणि तिच्यावरचं जांभळं फूल
बरोबर माझ्या डोक्यामागे आणलं.
"लय हालू नोको," म्हणाली, "फूल दिसते."

अर्जात एक रकाना होता:
नेटिव्ह स्पीकर आहात का?
खाली सात देशांची नावं.
रेशनच्या यादीत आपलं नाव शोधावं
तशी मी ती सातही नावं वाचली,
मग 'नाही'वर बोट ठेवलं.
मी नेटिव्ह या खारपाणपट्ट्याची,
जिथं बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही.
इंग्रजी मला बोंद्रे सरांनी दिली.
ते 'इस्कूल' म्हणायचे,
पण स्वल्पविराम चुकला की त्यांना जेवण जात नसे.

अनुभव: नऊ वर्षं, विनाअनुदानित.
पगाराची पावती जोडा.
ती नाही, कारण पगार नव्हता.
हे इंग्रजीत कसं सांगायचं?
'आय वर्क्ड' लिहिलं
आणि फुलस्टॉप दिला.

पडद्यावर पन्नाशीचा माणूस, कानात पांढरी बोंडं.
ज्ञानदा अरबट वाचताना
तो पहिल्याच 'डी'त अडखळून पडला.
मी म्हटलं, तो सोडून द्या, आम्हीही सोडतो.
हसला. मग म्हणाला,
आता मी सात वर्षांचा आहे. मला एक फळ शिकव.
आणि पिकल्या दाढीचा तो बाप्या
गालावर हात ठेवून खरंच मूल झाला.

घरात त्या आठवड्यात फक्त बोरं.
मी एक उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं
आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं,
याला इंग्रजीत काय म्हणतात, मला माहीत नाही.
नऊ वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.
"बोर," मी म्हणाले.
"बोअर?" त्यानं तोंड वाकडं केलं.
"असं नाई बापू. बोर."
निघून गेलं तोंडातून, वर्गात निघतं तसं.
तो थांबला, ओठ गोल केले,
म्हणाला: बोर.
अगदी आमच्या सातवीच्या पोरांसारखं.

मग त्यानं वही उघडली, पुन्हा मोठा झाला.
अपेक्षित पगार?

शब्द कळले. प्रश्न कळला नाही.
इकडे मी तीन संस्थांत मुलाखती दिल्या.
तिन्हीकडे अर्धा कप चहा आला,
पेपरवेट फिरला,
आणि अध्यक्षांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहून विचारलं:
किती जमन?
बाबा दरवेळी छताच्या पंख्याकडे बघत.
आणि हा परका माणूस, समुद्रापलीकडून,
मला विचारत होता,
तू किती घेशील?

मी इतकी गप्प की त्याला वाटलं नेट गेलं.
"कॅन यू हिअर मी?"
दाराआडून आई पाच बोटं दाखवत होती.
पाच काय, ते तिलाही माहीत नव्हतं.
आणि मी, दर अर्जाच्या शेवटी लिहून लिहून
हाताला वळण पडलेलं तेच बोलले:
आपल्या नियमांनुसार.

दिवसभर मनात आकडे येत राहिले.
हजेरी घेताना,
खिचडी वाटताना,
एसटीची वाट बघताना,
एकाहून एक चांगले आकडे.

आठवड्यात कळवतो म्हणाला होता. आज अकरावा दिवस.
चादर बाजेवर परत गेली,
फूल आता उशाशी असतं.
खिळे आईनं काढू दिले नाहीत.
रात्री भाकरी वाढताना विचारते,
तो बोरवाला काई बोलला का?
नाही म्हटलं की थोडी थांबते.
मग म्हणते, बोरं तं सरली.
पुन्हा बोलावलं तं
आता काय दाखवशीन त्याले?