टोपण

तक्रारवहीत लिहिलेलं: मगदूम, मार्केट यार्डामागं, सांगली.
‘नेट लावलं की टीव्हीत भूत.’
मी हसलो नाही. भूत हा आमच्या धंद्यातला रीतसर शब्द आहे.
सेटटॉप बॉक्स अजून यायचे होते तेव्हा.

दारातच हळदीचा वास. बाहुबली मगदूम, तोलाईदार,
बोटांच्या पेरांत पिवळा रंग कायमचा बसलेला.
‘बगा आता,’ म्हणाले, आणि आत हाक, ‘सुमित, लाव रं तुझं!’
मोडेमचे हिरवे दिवे एकामागून एक लागले
आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या शेजारी,
फिकट, अर्धा इंच उजवीकडं,
तीच बाई, तेच ओठ, जरा उशिरा.

मोडेम बंद: एक बाई. चालू: दोन.
पोरगा म्हणाला, परवा पेपर आहे माझा.
बाप म्हणाला, साडेसातला बाजारभाव असतात माझे.
दोघं माझ्याकडं बघत होते, काट्याकडं बघावं तसे.

पिना बदलल्या. खिडकीतून नवी वायर ओढली.
मोडेम हातभर लांब नेला, मग दोन हात.
फिल्टर लावला, एकच होता बॅगेत,
मिरजेच्या गिऱ्हाइकासाठी राखलेला.
बाई काही हटेना.
चहा आला. बशीवरून नजर वर माळ्यावर गेली.

स्प्लिटर, तीन तोंडांचा. एक टीव्हीला, एक मोडेमला.
तिसरी वायर भिंतीत शिरलेली,
भोकाभोवती सिमेंट लिंपलेलं.
‘ही कुठं जाते?’
मगदूम बोलले नाहीत. पोरगा म्हणाला, ‘काकांकडं.’

काका वाटणीनंतर जयसिंगपूरला गेले.
मधे भिंत आली, मीटर दोन झाले, नळ दोन झाले,
पलीकडच्या तीन खोल्यांना कुलूप.
गवंड्यानं वायरीभोवतीच थापी फिरवली,
ती कापायची कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी समजावलं, कामापुरतंच:
मोडेम बोलतो ते वायरीतून सगळीकडं जातं.
पलीकडच्या टोकाला टीव्ही नाही, घेणारं कुणी नाही,
मग ते तसंच माघारी येतं.
येईपर्यंत उशीर झालेला असतो.
तेच दिसतंय तुम्हाला.

‘मग?’
‘ही वायर सोडवायची. तोंडाला टोपण.
पंचाहत्तर ओहमचं, बारा रुपये.’
‘आणि उद्या त्यानं टीव्ही आणला तर?’
‘टोपण काढायचं. फिरकीचं असतंय.’
‘फिरकीचं आहे न्हवं?’ त्यांनी दोनदा विचारलं.

स्टुलावर चढलो, फिरकी आवळली.
बाई एक झाली. सुमितचे दिवे तसेच चालू.
पडद्यावर राजापुरी हळदीचा भाव आला, गेला,
मगदूमांनी पाहिला नाही.
सुटलेलं वायरीचं टोक हातात घेऊन
ते तोलत होते, वर खाली.
‘कापू नका. गुंडाळून ठेवा वर.’

वहीत मी लिहिलं: भूत गेलं.
टोपण एक, बारा रुपये, येणे.