काटाघर

मारेगाव रोडवरच्या जिनिंगात
काटाघर म्हणजे टिनाची एक खोली,
एक बंद कूलर, एक कॉम्प्युटर
अन् त्यात लिनक्स, कारण आधी जे होतं त्याला
दर पंधरा दिवसांनी व्हायरस लागायचा
अन् पावतीवर नुसते चौकोन छापून यायचे.

दिवसा बेबीनंदा उईके. रात्री मी.
दोघांत मिळून एकच खातं, नाव 'काटा',
पासवर्ड खडूनं भिंतीवर.
ती सातला निघते, मी साडेसातला येतो;
मधला अर्धा तास वॉचमन बसतो,
तो कशालाच हात लावत नाही.

मी डावखुरा. पहिल्याच रात्री
माऊसची बटनं उलटी केली,
खालची पट्टी उचलून वर नेली,
रंग काळा, कारण रात्री पांढरा पडदा
डोळ्यात चुना गेल्यासारखा झोंबतो.
घड्याळात सेकंद टाकले.
निदान तेवढं तरी हलताना दिसावं.

दुसऱ्या रात्री येऊन पाहतो तर पट्टी खाली,
बटनं सुलटी, सेकंद गायब,
त्यांच्या जागी वार: मंगळवार.
अक्षरं मक्याच्या दाण्याएवढी.
अन् मागच्या चित्रात तिची लुना,
नुकती धुतलेली, स्टँडवर.

वॉचमन म्हणाला, "दिवसभर तुले शिव्या देऊन रायली होती थे.
उजवं दाबलं का डावं होते म्हने."

मी पट्टी वर नेली. तिनं खाली आणली.
मी वर. ती खाली.
लुना मात्र मी काढली नाही.
मग एका रात्री पट्टी सापडली डाव्या कडेला, उभी,
कुडाला टेकवलेल्या पराटीसारखी.
ना तिची जागा, ना माझी.
राहू दिली.

भरली गाडी काट्यावर येते, तिचं वजन.
रिकामी होऊन परत येते, तिचं वजन.
वजा करा, तो कापूस.
सकाळी मी सोडून जातो तो पडदा
अन् संध्याकाळी सापडतो तो,
यांची वजाबाकी मी रोज मनात मांडायचो.
तिची पावती निघत नाही.

डिसेंबरात एकदा, सात वाजून गेलेले,
खुर्चीवर बसलो तर पडदा आधीच काळा.
तिनं वेळ लावून दिली होती:
संध्याकाळी सातला अंधार, सकाळी सातला उजेड.
कुठून शिकली, कोणाला विचारलं, ठाऊक नाही.

टिंबानं सुरू होणाऱ्या फायली कॉम्प्युटर लपवून ठेवतो.
दोन बटनं दाबली की दिसतात,
दगड उलटल्यावर मुंग्या दिसाव्यात तशा.
त्यातल्या एकीत पट्टीची रुंदी शोधत होतो.
मध्येच एक ओळ, पुढे हॅशची खूण.
ती खूण दिसली की मशीन ओळ वाचत नाही,
ओलांडून पुढे जाते. ती ओळ माणसासाठी असते.

# पावतीचं बटन एफ सातवर देलं. एफ बाराले माह्यं बोट पोचत नाही.

अन् तिच्या खाली, दुसऱ्या तारखेला:

# कूलरच्या मांगं साप निंगाला होता. पाय वर घेऊन बसजो.

मी पाय वर घेतले.
मग, बराच वेळ विचार करून, लिहिलं:

# पायला. धामण आहे.

जानेवारीत मालकाचा भाचा नागपूरहून आला, हर्षल,
गळ्यात हेडफोन. भिंतीवरचा पासवर्ड वाचून हसला.
म्हणाला, असं चालत नसते.
वीस मिनिटांत दोन खाती केली, दोन कुलपं.
माझं मला, तिचं तिला.

आता मी ठेवतो तिथेच पट्टी असते.
बटनं उलटी, सेकंद पळतात,
कोणी काही हलवत नाही.
तिच्या फोल्डरवर एकदा बोट ठेवलं,
पडदा म्हणाला, परवानगी नाही.
बरोबर आहे त्याचं.

रात्री दोनला गाडीवाला खिडकीत वाकतो,
"काऊन भौ, डोये गेले काय तुहे?
एवढाले अक्षर!"
वजन सांगतो त्याला. एफ सात दाबतो.
पावती निघते.